लिंबाएवढे नाना

आम्हा चिपळूणकरांना लांबचं बघायची सवय नाही. घराबाहेर पाऊल टाकलं की समोर आंबा, आंब्यामागे डोंगर, डोंगरावर ढग. नजर जाणार कुठे? त्यातून माझा धंदा फोटो स्टुडिओचा. समोर माणूस, माणसामागे निळा पडदा, पडद्यामागे भिंत. अशी बाई हिंगोली जिल्ह्यात जाऊन आली म्हटल्यावर शेजारच्या किराणावाल्यांनी विचारलंच, "तिकडे बघण्यासारखं काय आहे हो?" मी म्हटलं, ते सांगते, पण आधी तिकडे दिसतं किती ते ऐका. आभाळ टेकेपर्यंत दिसतं. आणि जे दिसतं ते जवळच आहे असं वाटून माणूस पुरता फसतो.

मला नेलं ते सुनंदानं. ती सरकारी दवाखान्यात नर्स. बदली होऊन चिपळूणला आली तेव्हा आमच्या माडीवर भाड्यानं राहायची, आणि बदली होऊन परत गेली तरी मैत्री काही गेली नाही. तिचं माहेर डोंगरकड्याजवळच्या एका वस्तीवर. तिथली तिची भाची सुजाता फौजदार झाली. पोलीस उपनिरीक्षक म्हणायचं खरं, पण तिकडे अजून फौजदारच म्हणतात, आणि मला तोच शब्द जास्त भारदस्त वाटतो. तिचा घरगुती सत्कार ठरला तशी सुनंदानं फोन केला, "शुभा, कॅमेरा घे आन् ये. आमच्या घरात फोटो काढणं सोपं राहिलं न्हाई."

म्हणजे काय, ते तिनं सांगितलं नाही. मला वाटलं, घरात उजेड कमी असेल.

वारंगा फाटा

मार्चमधली दुपार. नांदेडहून एसटीनं येऊन वारंगा फाट्यावर उतरले. फाट्यावर रस्ते भेटतात हे मला माहीत होतं, पण इथे रस्त्यांपेक्षा फ्लेक्सच जास्त भेटले. वाढदिवस, निवड, बढती, दुकानाचं उद्घाटन. न्यायला येणारी गाडी यायची होती, म्हणून चहा घेऊन एकेक फ्लेक्स वाचत बसले. धंद्याची खोड, दुसरं काय!

जरा वेळानं एक गंमत ध्यानात आली. डोळ्याचा नियम साधा आहे, माणूस जितका लांब तितका लहान दिसतो. फ्लेक्सवर नेमकं उलटं. मुंबईत बसलेला, या फाट्यावर कधी न फिरकलेला पुढारी सगळ्यात मोठा. जिल्ह्याचा त्याहून लहान, तालुक्याचा आणखी लहान, आणि ज्यानं हौसेनं तो फ्लेक्स लावला तो समोरचा पानवाला खालच्या कोपऱ्यात मोहरीएवढा. चहावाल्याला हे दाखवलं तर तो गाळणी झटकत म्हणाला, "बराबर हाय ना ताई. जवळचा तर रोजच दिसतो. त्याला मोठा करून काय फायदा?"

तेवढ्यात सुनंदाचा धाकटा भाऊ भगवान जीप घेऊन आला. सुजाताचे वडील ते हेच. पन्नाशीचा, हसरा, बोलका माणूस. उतरल्या उतरल्या "जय भीम ताई, तकलीफ न्हाई ना झाली?" आणि मी उत्तर देईपर्यंत खिशातून मोबाईल काढून, "एक सेल्फी हून जाऊ द्या." हात लांब करून त्यानं फोटो काढला. हात तसा आखूडच. त्यामुळे फोटोत कलिंगडाएवढे भगवानभाऊ आणि त्यांच्या कानामागे मी, माझी बॅग आणि आख्खा वारंगा फाटा.

"वस्ती किती लांब?" मी विचारलं.

"हे काय, इथंच. ते पिंपळ दिसतंय न्हाई का, त्याच्या बुडाला."

पिंपळ दिसत होता खरा. जीप सुटली. दोन्ही अंगांना केळी, मग हळदीची रिकामी झालेली रानं, मग पुन्हा केळी. पिंपळ तेवढाच. एक ओढा ओलांडला, एक गाव मागे पडलं, भगवानभाऊंनी दोन ओळखीच्या माणसांना थांबवून सेल्फी काढले, तरी पिंपळ तेवढाच. आमच्याकडे जे दिसतं तिथे हाक पोचते. इथे डोळे पोचून परत आले तरी गाडी वाटेतच. शेवटी तो पिंपळ एकदाचा मोठा होऊ लागला आणि झाला तो इतका मोठा, की त्याच्या सावलीत जीप, ट्रॅक्टर आणि सुनंदा तिन्ही मावली.

डोंगरकड्याची वस्ती

गावाच्या नावात डोंगर आहे म्हणून मी पहिल्याच संध्याकाळी विचारलं, डोंगर कुठाय? सुनंदानं दाखवला. मी म्हटलं, "अगं, याला आम्ही गडगा म्हणतो." गडगा म्हणजे आमच्या कुंपणाची दगडी भिंत. ती चिडली नाही. म्हणाली, "तुमचे डोंगर अंगावर येऊन बसलेत म्हणून मोठे दिसतात. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते आमच्यासाठी. तुमाला दुरून बघायची सोयच न्हाई."

जेवायला ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची येसर आमटी. खोबऱ्याचा मागमूस नाही, आणि खरं सांगते, दुसऱ्या वाढपाला आठवणही आली नाही. भगवानची बायको मीरा वाढत होती. तिनं विचारलं, "ताई, सकाळी सुशीला चालंल का?" मी म्हटलं, चालेल की, पण सुनंदा असताना तिला कशाला त्रास? सगळं घर हसायला लागलं. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला नाश्ता. पुढचे सगळे दिवस मला रोज सकाळी "सुशीला आली हो ताई" असं मोठ्यानं सांगण्यात आलं.

हसण्याच्या नादात एक गोष्ट मात्र माझ्या नजरेतून सुटली नाही. अंगणातून दोन शेतं ओलांडून एक घर दिसत होतं. त्या घराकडे बोलता बोलता सगळ्यांची नजर जायची आणि लगेच परत यायची. तिथे थोरले भाऊ राहतात, नाना. सुनंदा आधी बोलेना, मग सुजातानंच सांगितलं. उंच, सडसडीत पोरगी, बोलणं हळू आणि नेमकं.

तीन वर्षांपूर्वी भगवाननं बी-बियाण्यांचं दुकान काढलं. उद्घाटनाचा फ्लेक्स करायचा होता. भगवाननं नेहमीप्रमाणे हात लांब करून सेल्फी काढला. नाना पाहुण्यांना जागा देत देत मागे सरकले होते, ते मागेच राहिले. त्या सेल्फीचाच फ्लेक्स छापला. फाट्यावर लागला, आणि त्यात भगवान कलिंगडाएवढा आणि घरातले थोरले, धाकट्याला शिकवून मोठं करणारे नाना, लिंबाएवढे. नानांनी तो फ्लेक्स बघितला, घरी आले आणि भगवानशी बोलायचे थांबले. गावानं तर दयामायाच ठेवली नाही. पाठीमागे त्यांना "लिंबूनाना" म्हणायला लागले.

"आन् भारी म्हंजी," सुजाता म्हणाली, "तो फ्लेक्स आमच्या पप्पानं टाकून न्हाई दिला. कडब्याच्या गंजीवर झाकला, पावसापासून. तवापासून मोठे बाबाला, म्हंजी नानांना, त्यांच्या दारातून रोज गंजीवर पप्पाचं तोंड दिसतं. त्यांचं सोताचं तोंड एवढ्या लांबून दिसतच न्हाई."

मी हसले. हसायला नको होतं, कारण ती हसत नव्हती.

"मावशी, मला मोठे बाबांनी सायकलवर डबल सीट बाळापूरला शिकवणीला नेलं. पप्पानं दुकान सांभाळून फी भरली. सत्काराच्या दुसऱ्या दिवशी मी ट्रेनिंगला चालले. मंग कुठं पोस्टिंग लागंल ते न्हाई ठाऊक. मला एकच फोटो न्यायचाय, दोघं एका जागी उभे असलेला. तसा एक बी फोटो न्हाई माझ्याजवळ. मोठे बाबा म्हणतात, येतो, टाळ्या वाजवतो, पण फोटोत न्हाई येत."

तेव्हा मला सुनंदाच्या फोनचा अर्थ लागला. उजेड भरपूर होता.

अंगणातला फोटो

दुसऱ्या दिवशी सुनंदा नानांच्या घरी गेली आणि त्यांना घेऊनच आली. काय सांगितलं म्हणून विचारलं तर म्हणाली, "सांगितलं, चिपळूणहून खास फोटोवाल्या ताई आल्यात, त्या तुमाला सगळ्यांच्या पुढं बसवणारेत." तीन वर्षांत नाना पहिल्यांदा त्या अंगणात आले. ठेंगणे, घट्ट अंगाचे, पांढराशुभ्र सदरा, तळपाय हळदीनं पिवळे. भगवानशी बोलले नाहीत. भगवानही खाली बघून दोरीची गाठ सोडत बसला, आणि त्या दोरीला गाठ नव्हती हे मला दिसत होतं.

मी म्हटलं, सोपं आहे. मागे राहिले म्हणून लहान दिसले ना? मग पुढे बसवू. इतकी वर्षं पासपोर्ट काढतेय, एक म्हातारा बसवता येणार नाही? नानांना खुर्ची दिली, सगळ्यांच्या दोन पावलं पुढे. मागे भगवान, मीरा, सुनंदा, मधे सुजाता. अंगण लहान, माझी पाठ गोठ्याच्या भिंतीला लागलेली, म्हणून सगळे मावतील अशी रुंद लेन्स लावली. नानांचे गुडघे दुखतात, त्यांनी पाय जरा लांब केले. मी बिनदिक्कत फोटो काढला आणि मोठ्या तोऱ्यात तिथल्या तिथे मोबाईलवर घेऊन सगळ्यांना दाखवला.

नाना पुढे होते, पण नानांचे पाय नानांच्याही पुढे होते. फोटोभर पिवळे तळपाय, सुपाएवढे. त्यांच्यामागे कुठेतरी सदरा आणि सदऱ्यावर तोंड, पुन्हा लिंबाएवढंच.

आणि मग भगवान हसला. मुद्दाम नाही हो, त्याला ते आवरलंच नाही. नाना खुर्चीवरून उठले.

"मागच्या बारीला लिंबू, या बारीला पाय," ते म्हणाले, "पुढच्या बारीला निस्त्या चपला लावा फोटोत. मी घरूनच पाठवून देईन." आणि बांधाबांधानं चालते झाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्म गेला या धंद्यात आणि लेन्सच्या पुढ्यात पाय आले तर काय होतं हे मला कळू नये? सुजाता तो फोटो बराच वेळ बघत होती. मी म्हटलं, काढून टाक गं बाई. तर म्हणाली, "राहू द्या. मी लहान व्हते तवा त्यांच्या पायांवर उभी राहून चालायची. तवा हे पाय मला एवढेच मोठे दिसायचे." आणि आत निघून गेली. मीराही तिच्यामागे गेली. भगवान गंजीकडे तोंड करून उभा राहिला आणि मोबाईल खिशात घातला. आल्यापासून पहिल्यांदा मी त्याला मोबाईलशिवाय पाहिलं.

कासराभर दिवस

नाना माझ्यावर मात्र रागावले नव्हते. पाहुणी ती पाहुणी. संध्याकाळी निरोप आला, "ताईंना म्हणावं, हळद बघायची असंल तर उद्या कासराभर दिवस वर आला की या."

आता कासरा म्हणजे काय? सुनंदा म्हणाली, बैलाच्या गळ्यातून मागे येतो तो दोर. मीरा म्हणाली, म्हणजे सात वाजता. भगवान म्हणाला, छे, साडेसात. सूर्य जमिनीपासून दोरभर वर! दोर कुठे धरायचा, कुणी धरायचा, बैल कुठे? आमच्याकडे सूर्य एकदम डोंगरावरूनच उगवतो, तोवर आमचा दुसरा चहा झालेला असतो. धोका नको म्हणून मी अंधार फिटताच निघाले.

"लवकर आल्या," नाना म्हणाले, "अजून वीतभर बी न्हाई आला."

त्यांच्या शेतात शिजवलेली हळद वाळत घातली होती. आधी उकडायची, मग उन्हात कडक वाळवायची, मग ड्रममधे फिरवून तिचं साल काढायचं. जमिनीवर पिवळी चादर अंथरल्यासारखी दिसत होती आणि वास असा, की आमच्या हळदीकुंकवाच्या करंड्याला लाज वाटावी. नानांनी एका हातानं चहाचा कप दिला आणि दुसरा हात सूर्याकडे लांब करून वीत ताणली.

"अशी वीत. तिच्या वर थोडं आलं की कासराभर."

"पण नाना, कासरा केवढा लांब असतो!"

"लांब असू द्या ना. लांब धरला की लहानच दिसतो." ते म्हणाले, आणि माझ्याकडे तिरकं बघून हसले, "फोटोवाल्या ना तुमी?"

मग दारासमोरच्या दगडावर बसून त्यांनी एक अजब काम केलं. उजवा हात पुढे ताणला, एक डोळा मिटला आणि अंगठा उभा धरला, शेतांपलीकडे, भगवानच्या गंजीवर.

"हे काय करताय नाना?"

"रोजचं हाय. सकाळी उठलो की ते गंजीवरचं तोंड दिसतं. अंगठा धरला की झाकून जातं. तो सोता बाहीर आला की त्याला बी झाकतो." हात न हलवता ते म्हणाले, "दिवस झाकतो अंगठा, तर भाऊ झाकाया काय लागतं?"

तीन वर्षं हा माणूस रोज सकाळी धाकट्या भावावर अंगठा धरून बसत होता. मला हसू आलं, पण या वेळी मी हसले नाही. त्यांच्या दारात लिंबाचं झाड होतं. मी उठले आणि सारख्या आकाराची दोन लिंबं तोडून आणली. एक त्यांच्या डोळ्यासमोर हातभर अंतरावर धरलं, दुसरं त्याच्या दुप्पट लांब.

"कोणतं मोठं?"

"अलीकडचं."

"आणि पलीकडचं?"

"निम्मं दिसतंय." त्यांनी एक डोळा मिटला, मग दुसरा. "दोन्ही सारखीच हायेत की."

"भगवानभाऊंचं तोंड मोबाईलपासून हातभर, तुमचं दोन हात. निम्मं दिसणारच. त्यांनी तुम्हाला लहान केलं नाही नाना. त्यांच्या जागी कुणी असता आणि मागे प्रत्यक्ष राजा उभा असता, तर राजाचंही लिंबूच झालं असतं."

चहा निवला.

"म्हंजी तीन वर्सं मी कोणावर रागावलो?"

"त्यांच्या हाताच्या लांबीवर. हात लांब असता तर तुम्ही थोडे मोठे आला असता."

"त्याचा हात आखूडच हाय," नाना एकदम उसळून म्हणाले, "लहानपणापासून! चिंचेवर चढाया गेला की त्याला फांदी पोचायची न्हाई. मीच खांद्यावर घ्यायचो." मग आवाज खाली आला. "येऊन सांगायचं तरी की, नाना, चुकून झालं. तीन वर्सं आला न्हाई."

"तुम्ही गेलात का?"

नानांनी दोन्ही लिंबं माझ्या हातातून घेतली आणि दगडावर शेजारी शेजारी ठेवली. मग म्हणाले, "ताई, सगळी मानसं सारखी दिसाया किती लांबून फोटो काढाया पाहिजे?"

"पुष्कळ लांबून. मग दोन पावलं मागेपुढे असलं तरी फरक पडत नाही. दोन शेतं पलीकडून."

"मंग जा की दोन शेतं पलीकडं. इथं काहून उभ्या?"

आणि त्यांनी सुजाताला फोन लावला. "पोरी, रानात ये. येताना ज्याला आणायचं त्याला घिऊन ये."

दोन शेतं पलीकडून

आमच्याकडे धनेश पक्ष्यांचे फोटो काढायला म्हणून मी लांब पल्ल्याची लेन्स घेतली होती. ती या कामी येईल असं काही वाटलं नव्हतं. ती लावून मी बांधावरून चालत चालत इतकी लांब गेले की नाना ठिपका झाले. मग लेन्समधून बघितलं आणि ते एकदम समोर आले. आवाज मात्र येईना. पुढचं सगळं मी मुक्या सिनेमासारखं बघितलं.

भगवान पलीकडच्या बांधावरून येत होता, मागे सुजाता, मीरा, सुनंदा. नानांनी हात लांब केला, अंगठा धरला. भगवान चालत राहिला. नानांनी अंगठ्याशेजारी बोट लावलं. मग मूठ. मग उघडा पंजा. भगवान आणखी जवळ आला तसा नानांनी हात खाली घेतला. आता तो काही झाकला जात नव्हता.

ते एकमेकांसमोर उभे राहिले. कोण आधी बोललं ते मला दिसलं नाही, मधे सुजाताची पाठ आली. मी ओरडले, "ओळीनं उभे राहा!" हाक पोचली असावी, कारण ते ओळीत आले. आणि मग मला वाटलं लेन्स बिघडली. ओळ हळूहळू लहान होत चालली होती. भगवान एक पाऊल मागे गेला. नाना त्याच्याही मागे. भगवान आणखी मागे. मधे सुजाता दोघांच्या बाह्या धरून फरफटत मागे. आख्खं कुटुंब माझ्यापासून लांब लांब चाललेलं, आणि मी इकडे किंचाळतेय, "अहो मागे जाऊ नका! मागे पाट आहे!"

गेले पाटात. दोघंही. घोट्यापर्यंत पाण्यात उभे राहून ते हसायला लागले, नाना आधी. मीरानं पदर तोंडाला लावला. तो फोटो घ्यायला म्हणून मी जागा बदलायला गेले, तिथे कोणाची तरी हळद वाळत होती, आणि मी तीत सपशेल बसले. या वयात मला पुन्हा हळद लागली. पण बसल्या जागेवरून फोटो काढला, आणि माझ्या धंद्यातला तो सगळ्यात चांगला फोटो आहे. सगळी तोंडं एकसारखी.

सुजाताला मी नंतर विचारलं, काय बोलत होते गं मागे जाता जाता?

"पप्पा म्हणला, नाना, तुमी पुढं व्हा. मोठे बाबा म्हणले, नको, तू व्हय पुढं. मंग कोणीच पुढं व्हईना."

आखाडा बाळापूर

दुपारी मी आणि सुजाता बाळापूरच्या बाजारात फ्लेक्स करायला गेलो. संगणकावर बसलेल्या दादानं फोटो उघडला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "कोणाला किती मोठं करायचं? थोरले कोण? अन् वर साहेबांचा फोटो टाकायचा ना?"

"कोणाला बी मोठं नको," सुजाता म्हणाली, "आन् वर कोणी नको."

दादानं तिच्याकडे असं बघितलं, जशी तिनं मिठाशिवाय भाजी मागितली. "मॅडम, निस्ता फोटो? लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. मी फौजदार हाय."

सत्कार पिंपळाखाली झाला. बुद्धवंदना झाली, मग हार, भाषणं, आणि सगळ्या वस्तीला जेवण. सुजाताच्या डोक्यावर टोपी ठेवायला दोघांनी हात पुढे केले. भगवानचा पोचला नाही, तेव्हा नानांनी त्याचं मनगट धरून वर नेलं. माझी मात्र सगळे चौकशी करून गेले, ताई, अंगाला हळद कशानं लागली, पाव्हणे कुठले? गंजीकडे बघितलं तर फ्लेक्स तसाच होता, पण कोणीतरी उलटा करून पांढरी बाजू वर केली होती.

नानांनी नवा फ्लेक्स जवळून बघितला, लांबून बघितला, आणि म्हणाले, "मी अजून बी बारीकच दिसून राहिलो."

"नाना, तुम्ही मुळातच ठेंगणे आहात."

"ते हाय ना," ते समाधानानं म्हणाले, "ते माझं सोताचं हाय. त्याला माझी ना न्हाई."

पुन्हा फाटा

निघायच्या दिवशी सुजाताची आणि माझी गाडी एकाच फाट्यावरून होती. तिची सकाळी लवकर गेली. बॅगेत कपड्यांच्या वर तो फोटो. बस सुटल्यावर भगवान रडला, नानांनी त्याला चहा पाजला, आणि मग दोघं मला पोचवायला थांबले. नाना त्याला तेवढ्यात तिसऱ्यांदा सांगत होते की मोबाईल जरा लांब धरत जा.

नवा फ्लेक्स खांबावर लागला होता, त्या सगळ्या मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या गर्दीत. तोच चहावाला कप देता देता म्हणाला, "ताई, फोटो झकास हाय. पर नानांनी अंगठा काहून दाखवला? एक डोळा बी मिटलाय."

मी बघितलं. खरंच की! सगळे हसतायत, पाय ओले, आणि त्यांत नाना हात पुढे ताणून अंगठा उभा धरून आहेत. फोटो काढताना मी हळदीत बसले होते, आणि नंतरही तोंडं सारखी आली का एवढंच बघत राहिले, हाताकडे माझं लक्ष कुठलं! पानवाला म्हणाला, पोरीला शुभेच्छा देऊन राहिले असतील. दुसरा म्हणाला, नाना आता लई मॉडर्न झाले.

माझी बस आली. पायरीवर पाय ठेवून मी नानांना विचारलंच, "खरं सांगा, अंगठा कोणावर धरला होता?"

"तुमच्यावर," नाना म्हणाले, "लई लांब जाऊन बसल्या व्हत्या, नखाएवढ्या दिसत व्हत्या." मग शेजारी उभ्या भगवानकडे त्यांनी जरा रागानंच बघितलं. "सवयीनं याच्यावर धराया गेलो व्हतो. पर खांद्याला खांदा लावून उभा, अंगठा धराया जागाच न्हाई."